भिलाईच्या नारळांचा खटला

भिलाईला जाऊन आलो असं सांगितलं की वकिलांच्या बाररूममधले लोक पहिला प्रश्न विचारतात, "भट्टी पाहिली का?" नाही पाहिली. मी चार दिवस भिलाईत होतो आणि चारही दिवस नारळ पाहिले. भट्टीचा धूर तेवढा दिसला, तोही लांबून, आणि तेव्हा माझ्या डोक्यावर छत्री होती व तोंडात शिव्या. देशोदेशीचे मोठे लोक तिथे जाऊन पोलाद कसं होतं ते पाहून येतात. मी गेलो तो नारळ फेकणं हा जुगार आहे की कसब, एवढं ठरवायला. ज्यांना पोलादाची माहिती हवी असेल त्यांनी हे वर्णन इथेच मिटवून दुसऱ्या कोणाचं वाचावं.

मी भंडाऱ्याला वकिली करतो. बांधाचे वाद, वाटण्या, दुसऱ्याच्या धानात शिरलेल्या म्हशी, हा माझा धंदा. श्रावणात एके दिवशी माझा साळा मनोहर याचं पत्र आलं. मनोहर भिलाईच्या कारखान्यात दोन वर्षांपासून फिटर, पण टेंपररी. पत्रात तीनच वाक्यं होती. 'भाऊजी, मले जुगारात धरलं. दुर्गच्या कोर्टात तारीख लागली. ताईले सांगू नका.' पत्र माझ्या नावाचं होतं, पण आमच्या घरी पोस्टमन आधी स्वयंपाकघराच्या दाराशी जातो. तेव्हा तिसरं वाक्य मला ताईनेच वाचून दाखवलं.

ताई म्हणजे माझी बायको सुशीला. आई लवकर गेली म्हणून मनोहरला तिनेच न्हाऊमाखू घालून मोठा केला. अजूनही त्याचं नाव घेताना ती आधी पदर खोचते.

"मी एकटा जाऊन येतो," मी म्हणालो.

"तुमी एकटे गेले तं त्याले नुसतं रागवसान."

"आणि तू आलीस तर?"

"मी मारीन," ती म्हणाली आणि वळकटी बांधायला बसली.

कॅम्पातली खोली

पॅसेंजर गाडीचं वर्णन करत नाही. ती चालत होती तेव्हा आम्ही पेंगत होतो आणि थांबत होती तेव्हा भांडत होतो. डोंगरगडला सुशीलेने खिडकीतूनच डोंगरावरच्या देवीला हात जोडले आणि काय मागितलं ते सांगितलं नाही. दुर्गला उतरलो तेव्हा पाऊस होता, आणि सायकलरिक्षावाल्याने भिलाईचं नाव ऐकून आमच्या पायांकडे दयेने पाहिलं. कारण तासाभरात कळलं.

भिलाईत तेव्हा भट्टी पेटली होती, पण गाव अजून बांधून व्हायचं होतं. रस्ते व्हायचे होते, पण रस्त्यावरची वाहतूक आधीच सुरू झाली होती. एका ठिकाणी रिक्षा रुतली, मी उतरलो, पाय बाहेर आला आणि चप्पल आतच राहिली. ती काढायला वाकतो न वाकतो तोच एक भलामोठा डंपर तिच्यावरून मुरूम ओतत गेला. माझी डावी चप्पल भिलाईच्या पायाभरणीत कामी आली आहे. याची नोंद कुठेही होणार नाही म्हणून मी इथे करून ठेवतो.

मनोहर कॅम्पातल्या टिनाच्या खोलीत राहत होता. लांबच्या लांब लाइन, एका बाजूला मल्याळी, दुसऱ्या बाजूला पंजाबी, समोर तेलुगू. आमच्या भंडाऱ्यात परका म्हणजे फार तर तुमसरचा. इथे सगळेच परके, त्यामुळे कोणीच नव्हतं. त्याने दार उघडलं, मला पाहून हसला, माझ्यामागे ताईला पाहून हसू गिळलं.

"मारू नको ताई, आधी आयकून घे," तो म्हणाला.

"जेवला का?" ताईने विचारलं, आणि मारायचं तिथेच राहून गेलं.

वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं गुप्त ठेवावं असा आमच्या धंद्याचा नियम आहे. तो नियम करणाऱ्यांनी पावसाळ्यात टिनाखाली बसून पाहावं. वर ताशा वाजत असल्यासारखा पाऊस, आणि खाली आम्ही दोघं गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होतो. थोड्या वेळात दारात आठ-दहा शेजारी जमा झाले. त्यांना मराठी कळत नव्हतं, तरी मध्ये मध्ये माना हलवत होते.

हकीकत अशी होती. आमची जिवतीची अमावस्या ती यांची हरेली. तिथी एकच, पण आमच्याकडे त्या दिवशी भिंतीवरच्या चित्राची पूजा आणि पुरणाचे दिवे, तर यांच्याकडे नांगराची पूजा, दाराला कडुलिंबाची डहाळी, पोरं पाय ठेवायला खुंट्या बांधलेल्या उंच बांबूंवर चढून चिखलातून चालतात आणि मोठी माणसं नारळ फेकतात. एक जण लांबचं झाड दाखवतो आणि म्हणतो, किती फेकीत गाठशील? दुसरा म्हणतो, सहा. नारळ जिथे पडेल तिथून पुढची फेक. सहात गाठलं तर समोरच्याचा नारळ याचा, नाही गाठलं तर याचा त्याचा. मनोहर सुट्टी म्हणून रिसाली गावात हा खेळ पाहायला गेला, तिथे हवालदार आला आणि सगळ्यांना धरून घेऊन गेला. सार्वजनिक जागी जुगार. पंचनाम्यात लिहिलं होतं, 'जुगाराचे साहित्य: नारळ, नग चौतीस.'

"मंग बाकीच्यायचं काय झालं?" सुशीला ओरडली.

"कबूल केलं! पाच पाच रुपये दंड भरला! घरी गेले!"

"तं तू बी भर न बापा!"

इथे मनोहर उठला. मग त्याने ट्रंकेतून एक छापील कागद काढून माझ्या हातात दिला. दोन वर्षांनी त्याचं नाव पर्मनंटच्या यादीत लागलं होतं. पोलिसांकडून चौकशीचा शेरा यायचा होता. कागदावर स्पष्ट विचारलं होतं, कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय? पाच रुपयांचा दंड हीदेखील शिक्षाच. गुन्हा कबूल केला तर सुटका लगेच, पण नोकरी गेली. नोकरी गेली की पुन्हा गावाकडे, वर्षाला दोन महिने धानाचं काम आणि दहा महिने लोकांच्या ओट्यावर बसणं.

"मले वापस नाही जाचं, भाऊजी," तो म्हणाला. त्याच क्षणी पाऊस थांबला, त्यामुळे हे त्याचं वाक्य सगळ्या लाइनीने ऐकलं.

आता कायदा सांगतो, तीनच वाक्यांत, घाबरू नका. जुगाराच्या कायद्यात इंग्रजांच्या काळापासून एक कलम आहे की जो खेळ निव्वळ कसबाचा, त्याला हा कायदा लागत नाही. फासे, पत्ते, आकडा हे नशिबाचे, तर कुस्ती कसबाची. नारळफेक कसबाची ठरली की मनोहर सुटला.

"तू किती नारळ जिंकला?" मी विचारलं.

"मी पाहून राहिलो होतो फकत."

"खरं सांग बे."

"एकबी नाही जिंकलो."

"हरला किती?"

"अकरा," तो जमिनीकडे पाहत म्हणाला.

खेळ नशिबाचा म्हणावा तर माझा अशील गुन्हेगार ठरतो, कसबाचा म्हणावा तर गाढव. मी त्याला गाढव ठरवायचं पक्कं केलं.

रिसाली

दुसऱ्या दिवशी आधी सुपेल्याच्या बाजारात गेलो, कारण मनोहरच्या खोलीत मिठाशिवाय काही नव्हतं. तिथे एक भाजीवाली बाई एका उंच गोऱ्या रशियन बाईशी वांग्यांचा भाव करत होती, आणि तोही रशियनमध्ये. सुशीला हे तोंड उघडं टाकून पाहत राहिली. मग तिची पाळी आली तेव्हा भाजीवालीने सवयीने तिलाही 'खराशो, खराशो' म्हणत वांगी दाखवली. सुशीलेला वाटलं वांगी खारट आहेत. तिने घेतली नाहीत, आणि खराशो म्हणजे छान असं मनोहरने समजावल्यावर परत जाऊन घेतली, तोवर दर वाढला होता.

रिसाली तेव्हा निव्वळ खेडं. मातीची घरं, तलाव, तलावाच्या पाळीवर आंब्याची झाडं, आणि सभोवार रोवणी झालेलं धान. हिरवं इतकं की भंडाऱ्याची आठवण होऊन सुशीला दोन मिनिटं उभी राहिली. नारळफेकीत सगळ्यांत पटाईत म्हणून ज्याचं नाव घेतात तो मंगलू इथे राहत होता. पन्नाशीचा शेतकरी, बारीक, हातापायांच्या काड्या. तोही त्या दिवशी धरला गेला होता आणि दंड भरून मोकळा झाला होता. त्याच्या मते दंड हा हरेलीचा वाढीव खर्च होता.

मंगलूच्या घरी चुलीवरचा तांदळाचा चीला मिळाला, सोबत मिरची-टमाट्याची चटणी. आमच्याकडच्या धिरड्यासारखाच, पण धिरडं तव्याला चिकटतं आणि हा नाही. सुशीलेने त्याच्या बायकोला यामागचं गुपित विचारलं. ती नुसती हसली. माझ्या मते हे कसब होतं, पण ते कोर्टात सिद्ध करायची गरज नव्हती. मी सहा खाल्ले.

मग मंगलूने खेळ दाखवला. "ओ आमा पेड़, चार फेंक," तो म्हणाला, म्हणजे तिथला आंबा चार फेकींत. हात मागे नेला, कंबर वळवली, नारळ सुटला तो बाणासारखा सरळ. चौथी फेक आंब्याच्या बुंध्याशी थपकन पडली. मी म्हटलं, सात सांग बरं त्या देवळापर्यंत. त्याने पाच सांगितले आणि पाचात गाठलं. माझा जीव भांड्यात पडला. हे जर कसब नसेल तर वकिलीही नाही.

"आता तू," मी मनोहरला म्हणालो.

मनोहरने नारळ उचलला, उजव्या हातात घेतला आणि फेकला. तो आंब्याकडे न जाता त्याच्या स्वतःच्या मागच्या बाजूला, पाळीपलीकडच्या वाटेवर जाऊन पडला. पुढे फेकलेली वस्तू मागे कशी जाते, हे मला आजही सांगता येणार नाही. मंगलू मात्र हसत सुटला आणि हसता हसता त्या वाटेकडे बोट करून काहीतरी म्हणाला. मनोहरचा चेहरा पडला.

"काय म्हणाला तो?"

"काई नाही."

"मनोहर!"

"भाऊजी, त्या दिवशी बी असंच गेलं," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "त्या वाटेनं हवालदार सायकलनं जाऊन राहिला होता. त्याच्या पाठीत बसला नारळ. सायकल इकडे, तो तिकडे, धानाच्या चिखलात. उठला, तोंड पुसलं, आन सगळ्याईले धरलं."

"मग हे आधी कावून नाही सांगितलं?"

"लाइनीतला एक जण म्हने, पोलिसाले मारलं तं काळं पाणी होते."

मी डोक्याला हात लावला. पंचनाम्यात तर लिहिलं होतं, 'गुप्त खबर मिळाल्यावरून सापळा लावून छापा घातला.' आपल्या पाठीत नारळ बसला असं लिहायची हवालदारालाही लाज वाटली असणार. पण माझ्या दृष्टीने ही चांगली बातमी होती. मनोहर दुसऱ्याच्या फेकीवर पैज लावत नव्हता, स्वतः फेकत होता. स्वतःच्या हाताने खेळणारा आणि दुसऱ्याच्या हातावर डाव लावणारा यांत कोर्ट फरक करतं. फक्त तो हात असा नको होता.

तेवढ्यात मंगलूने नारळ परत आणला, मनोहरच्या खांद्याला हात लावला, मनगट फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "ये तो डेरी हाथ के आदमी हे. जेवनी हाथ ले काबर फेंकत हस?"

डेरी म्हणजे डावा, जेवनी म्हणजे उजवा आणि काबर म्हणजे कशाला, हे मनोहरने सांगितलं, पण माझ्याकडे न पाहता ताईकडे पाहत.

आता उलगडा झाला. हा पठ्ठ्या जन्माचा डावखुरा. लहानपणी ताटाला डावा हात लावला की सुशीला उलथनं हाणायची. पाटीवर डाव्या हाताने लिहिलं की पाटी काढून घ्यायची. त्याला उजवा केला तिनेच. कारखान्यात फोरमनला पान्हा कोणत्या हातात आहे याच्याशी घेणंदेणं नसतं, म्हणून तिथे तो डाव्याने चालवायचा. पण नारळ म्हणजे देवाचं फळ. आमच्याकडे कोणी नारळ दिला तर डाव्या हाताने घेत नाहीत, मग फेकणं दूरच. त्यामुळे हरेलीच्या दिवशी अकराच्या अकरा नारळ त्याने भक्तिभावाने उजव्या हाताने फेकले आणि हरला.

"डाव्यानं फेकून पाह्य," मी म्हणालो.

"काई गरज नाही," सुशीला कडाडली. "नारळ हाये तो. आधीच काय कमी साडेसाती लागली का?"

मनोहरने नारळ पुन्हा उजव्या हातात घेतला. दुपारभर सराव झाला. मंगलूच्या दोन शेळ्या, एक मडकं आणि माझी छत्री एवढ्यांना नारळ लागला. आंब्याला लागला नाही. मी परतताना खरोखर घाबरलो होतो, आणि माझ्या भीतीचं खापर मी वाटभर पावसावर फोडलं.

दुर्ग

तिसऱ्या दिवशी कोर्ट. माझ्याकडे एकच चप्पल होती, म्हणून मनोहरचे कारखान्यातले लोखंडी टाचांचे बूट घातले. ते दोन माप मोठे होते. मी कोर्टात शिरलो तेव्हा खाड खाड आवाजाने सगळे उठून उभे राहिले. त्यांना वाटलं साहेबच आले.

खरे मॅजिस्ट्रेट साहेब थोड्या वेळाने आले. सर्दी झालेले, गळ्याला मफलर. त्यांनी माझा वकीलपत्राचा कागद पाहिला. "आप तो दूसरे प्रांत के हैं।"

"हुजूर," मी म्हणालो, "परवा-परवापर्यंत भंडारा आणि दुर्ग एकाच प्रांतात होते. मी जागचा हललो नाही, सीमाच माझ्यावरून निघून गेली." हे मी माझ्या हिंदीत सांगितलं. माझी हिंदी म्हणजे मराठीलाच 'है' लावलेलं. साहेबांनी नागपुरात नोकरी केलेली होती, म्हणून त्यांना ती कळली. एवढ्या प्रकरणासाठी इतक्या लांबून आलेल्याला परत काय पाठवायचं, असं म्हणत त्यांनी परवानगी दिली.

टेबलावर मुद्देमाल मांडला होता. मी मोजला आणि उलटतपासणीला उभा राहिलो. हवालदार भारदस्त, मिशीला तूप लावलेला.

"पंचनाम्यात नारळ चौतीस. टेबलावर सव्वीस. आठ कुठे गेले?"

हवालदाराने छताकडे पाहिलं. "हुजूर, थाने में हनुमानजी हैं।"

"बरं. मग?"

"शनिवार को चढ़ाए।"

"आठही?"

"नहीं हुजूर। कुछ मंगलवार को।"

मॅजिस्ट्रेट साहेबांनी नाक पुसलं. "यानी सबूत का प्रसाद बँट गया। खाया किसने?"

"सबने, हुजूर। आपके बाबू ने भी।" कोर्टाचा बाबू फायलीत इतका खाली वाकला की फक्त टक्कल दिसू लागलं.

मी पुढे सरकलो. बूट वाजले. "तुम्ही लिहिलं, गुप्त खबर मिळाली. कुठून मिळाली?"

"ऊपर से।"

"वर म्हणजे कोणाकडून? मोठ्या साहेबांकडून?"

हवालदाराने टोपी काढून पुन्हा घातली. मी पुन्हा विचारलं, पाठीचं दुखणं कसं आहे तेही विचारलं. तेव्हा तो कसाबसा म्हणाला, "ऊपर से... गिरी, हुजूर।"

मग सगळंच बाहेर आलं, सायकल, चिखल, नारळ. कोर्ट हसत होतं, साहेब मफलरमध्ये हसत होते. कोणी फेकला असं विचारल्यावर हवालदाराने मनोहरकडे बोट केलं. मी विजयाने खाली बसलो. माझा अशील खेळाडू आहे हे सरकारी साक्षीदारानेच सिद्ध केलं होतं.

पण सरकारी वकील काही झोपलेला नव्हता. तो उठून म्हणाला, "हुजूर, निशाना सामने था, सिपाही पीछे था। आगे फेंका हुआ नारियल पीछे जाए, तो वह हुनर है या किस्मत?"

साहेब माझ्याकडे वळले. "हुजूर," मी म्हणालो, "हुनर खेल में है। इस आदमी में थोड़ा कम है।"

"कम है या है ही नहीं, अभी देख लेते हैं," साहेब म्हणाले आणि उठले. "मुद्देमाल में से एक उठाओ।"

तीस वर्षांच्या वकिलीत मी स्थळपाहणी पाहिली, प्रेतपाहणीही पाहिली, पण असलं काही पाहिलं नव्हतं. सगळं कोर्ट व्हरांड्यात आलं. फाटकाशी एक कडुलिंब होता. साहेबांनी तो दाखवला. मनोहरने सांगितलं, "तीन फेंक।" मला वाटलं तीस तरी म्हणायचं.

नारळ उजव्या हातात. पहिली फेक. नारळ तिरका उडाला, स्टॅम्पवाल्याच्या ताडपत्रीवर आदळला, घरंगळत डबक्यात पडला. कडुलिंब होता तिथेच, लांब. सरकारी वकिलाने हळूच टाळी वाजवली.

मनोहर डबक्यापाशी गेला, नारळ उचलला, शर्टाला पुसला. पुन्हा उजव्याच हातात घेतला. तो वाकून उभा राहिला, ओट्यावर बसलेल्या माणसासारखा, आणि मला एकदम त्याचं सगळं उरलेलं आयुष्य दिसलं. मला फार वाईट वाटलं, आणि माझ्या बायकोचा रागही आला. खोटं कशाला बोलू?

"मन्या!"

व्हरांड्याच्या टोकाला सुशीला उभी होती. कोर्टात बायकांनी ओरडायचं नसतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी फरक पडला नसता.

"डाव्यानं मार!"

मनोहर वळून पाहत राहिला. "ताई, नारळ हाये."

"मले दिसते न, आंधळी हाये का मी! डाव्यानं मार म्हन्ते न!"

त्याने नारळ डाव्या हातात घेतला. हात मागे गेला, कंबर वळली, आणि नारळ सुटला तो सगळ्यांच्या डोक्यांवरून, चहाच्या टपरीवरून, सरळ, फाटकाच्या अलीकडे दहा पावलांवर. तिसरी फेक त्याने न थांबता केली. नारळ कडुलिंबाच्या बुंध्यावर इतक्या जोरात बसला की फुटून दोन शकलं झाली, पाणी उडालं आणि झाडाखाली अर्ज लिहीत बसलेल्या म्हाताऱ्याचा अर्ज भिजला. बाबूने वहीत लिहून घेतलं, 'मुद्देमाल, एक नग, कोर्टाच्या हुकुमाने फुटला.'

साहेबांनी निकाल उभ्यानेच सांगितला. खेळ निव्वळ कसबाचा, आरोपी निर्दोष, उरलेले नारळ आरोपीस परत. मग ते खाली उतरले, ढिगातला एक नारळ उचलला, वजन करून पाहिलं आणि सरकारी वकिलाला विचारलं, "चार में लगेगा?" सरकारी वकील म्हणाला, "पाँच, हुजूर।" पुढे काय झालं ते मी पाहिलं नाही. वकिलाने काही गोष्टी पाहू नयेत.

सुशीला मात्र तिथल्याच पायरीवर बसून रडत होती. "लोक हसतील याले, असं वाटे मले," ती म्हणाली. "बिनमायचं लेकरू, त्यात डावरं. म्हून मारो मी. दुसरं काई नाही." मी म्हणालो, माहीत आहे. मनोहर तिच्या शेजारी बसला आणि दोघांनी मिळून ते फुटलेलं खोबरं खाल्लं. मला उरलं नाही.

ऑफिस

चौथ्या दिवशी निकालाची नक्कल घेऊन आम्ही तिघं कारखान्याच्या ऑफिसात गेलो. तिथला बाबू शिस्तीचा माणूस. त्याने नक्कल वाचली, पुन्हा वाचली, 'नारियल' या शब्दाशी थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि काही विचारायचं टाळलं. चौकशीचा शेरा कोरा होता. त्याने पर्मनंटची ऑर्डर पुढे सरकवली. "यहाँ साइन करो।"

मनोहरने टाक उचलला आणि थांबला. ताईकडे पाहिलं.

"कोन्या हातानं करू?"

सुशीलेने पदर खोचला, मग सोडला. "तुले जमते त्या हातानं कर," ती म्हणाली.

त्याने डाव्या हाताने सही केली. एका दमात, ठळक, वळणदार. अक्षर पाहूनच मला कळलं, हा इतकी वर्षं लपून लपून डाव्या हाताने लिहीतच आला आहे. सुशीलेलाही कळलं असावं, कारण ती खिडकीबाहेर पाहू लागली.

बाबूने जुनी फाइल काढली. दोन वर्षांपूर्वीची सही पाहिली, आताची पाहिली. मान हलवली. "मेल नहीं खाता। पहले वाला साइन किसका है?"

"वो ताई का है, साहब," मनोहर म्हणाला. "ये मेरा है।"

बाबू म्हणाला, असं चालत नाही, लेखी पाहिजे. मग मी स्टॅम्पपेपर मागवला आणि तिथेच उभ्याने प्रतिज्ञापत्र लिहिलं की सदर इसमाचे दोन्ही हात त्याचे स्वतःचेच आहेत. साक्षीदार म्हणून खाली सुशीलेने सही केली.